मराठी बातमी-संकेतस्थळांच्या मालक-संपादकांना खुलं पत्र: विकलेल्या लिंक परत घ्या

मराठी बातमी-संकेतस्थळांचे मालक, संपादक आणि जाहिरात विभागप्रमुख यांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या कार्यालयात एका ठरलेल्या साच्याची ईमेल वरचेवर येते. तुमच्या साइटवर 'गेस्ट पोस्ट' (बाहेरच्याने लिहिलेला लेख) प्रसिद्ध करायची आहे, 700 शब्द, दोन 'डू-फॉलो' लिंक (शोधयंत्र शिफारस म्हणून मोजतं अशा), लेख कायम राहावा, 'प्रायोजित' असा शिक्का नको, दर कळवा. ही ईमेल बहुतेकदा संपादकांपर्यंत पोचतच नाही. जाहिरात विभाग दर कळवतो, वेब डेस्कवरचं कुणीतरी मजकूर चिकटवतं आणि संध्याकाळपर्यंत पैसे जमा होतात. काही महिन्यांनी दुसरी ईमेल येते. आता नवा लेखही नको असतो, तुमच्या जुन्या बातमीत एक वाक्य घुसवायचं असतं.

असं घुसवलेलं वाक्य कसं दिसतं? 2021 सालच्या आषाढी वारीची बातमी डोळ्यांसमोर आणा. कोरोनामुळे पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या, वारकऱ्यांनी घरूनच माउलींना हात जोडले, असा मजकूर आहे. तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी एक ओळ चिकटलेली आहे: 'या काळात घरबसल्या अनेकजण ऑनलाइन गेमकडेही वळले.' त्यातल्या 'ऑनलाइन गेम' या शब्दांवर क्लिक केलं की जुगाराचं पान उघडतं. बातमीवर तुमच्याच वार्ताहराचं नाव आहे आणि तारीखही जुनीच आहे. वाचकाला काही कळत नाही. बऱ्याचदा त्या वार्ताहरालाही कळत नाही.

मराठी संकेतस्थळांसाठी सर्च इंजिन ऑप्टिमायझेशनचं, म्हणजे गुगलसारख्या शोधयंत्रांत पानं वर दिसावीत यासाठीचं, काम करणारे आम्ही काहीजण हे पत्र त्या एका ओळीबद्दल लिहीत आहोत.

या ओळीला पैसे का मिळतात, ते आधी पाहू. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मांडलेल्या पेजरँक या, पानांचं महत्त्व मोजण्याच्या, पद्धतीचा गाभा असा, की एका पानाने दुसऱ्या पानाला दिलेली लिंक म्हणजे शिफारस, आणि शिफारस करणारा जितका मोठा तितकं तिचं वजन जास्त. त्यानंतर गुगलमध्ये शेकडो गोष्टींची भर पडली, पण लिंकचं वजन संपलेलं नाही. तुमच्या डोमेनला (साइटच्या पत्त्याला) ते वजन वर्षानुवर्षांच्या बातमीदारीतून मिळालं आहे. तुमच्या बातम्यांचे हवाले इतरांनी दिले, वाचक नाव टाइप करून थेट तुमच्याकडे आले, म्हणून. जुगाराच्या साइटला स्वतःच्या जोरावर ते मिळत नाही, म्हणून ती तुमच्याकडून विकत घेते. या धंद्याच्या भाषेत नियमात राहून केलेल्या कामाला व्हाइट हॅट म्हणतात आणि नियम मोडून केलेल्याला ब्लॅक हॅट. पैसे घेऊन, न सांगता दिलेली डू-फॉलो लिंक दुसऱ्या प्रकारात मोडते. मजकूर कितीही शुद्ध मराठीत असला तरी त्याने फरक पडत नाही.

जाहिरात घेणं मुळीच चूक नाही. चूक आहे ती जाहिरात लपवण्यात. गुगलने 2005 मध्ये 'नोफॉलो' ही खूण आणली आणि 2019 मध्ये पैशांच्या लिंकसाठी 'स्पॉन्सर्ड' ही वेगळी खूण दिली. लिंकच्या 'रेल' या ॲट्रिब्यूटमध्ये तो एक शब्द टाकायला अर्धं मिनिट लागतं. त्याने तुमच्याकडचं वजन पुढे जात नाही आणि वाचक मात्र क्लिक करू शकतो. जो ग्राहक म्हणतो, 'ही खूण टाकणार असाल तर सौदा नको', त्याला तुमचे वाचक नको असतात, त्याला फक्त तुमचं वजन हवं असतं. खरा जाहिरातदार ओळखायला यापेक्षा सोपी परीक्षा आम्हाला माहीत नाही.

'आपल्याला कोण पकडणार' असं वाटत असेल, तर 2013 चा फेब्रुवारी आठवा. ब्रिटनमधल्या इंटरफ्लोरा या फुलं घरपोच देणाऱ्या मोठ्या कंपनीने तिथल्या अनेक प्रादेशिक वृत्तपत्रांच्या साइटवर जाहिरातवजा लेख छापून आणले होते. प्रत्येकात तिच्या पानांना साध्या, म्हणजे अशी खूण नसलेल्या, लिंक होत्या. गुगलने कारवाई केली आणि कंपनीचं नाव टाइप केलं तरी कंपनीची साइट दिसेना. तिथला मदर्स डे तेव्हा तोंडावर आला होता. ती 11 दिवसांनी परतली. पण तुमच्यासाठी महत्त्वाचं पुढचं आहे: लिंक विकणाऱ्या त्या प्रादेशिक वृत्तपत्रांचं पेजरँकही खाली आलं. शिक्षा विकत घेणाऱ्याला झाली तशी विकणाऱ्यालाही झाली. त्याच्या वर्षभर आधी, जानेवारी 2012 मध्ये, गुगलने स्वतःच्याच क्रोम ब्राउझरचं पान 60 दिवस खाली ढकललं होतं, कारण क्रोमच्या प्रचारासाठी पैसे देऊन लिहून घेतलेल्या मजकुरात एक साधी लिंक सापडली होती.

आता तर माणसाने पाहायचीही गरज उरलेली नाही. डिसेंबर 2022 पासून गुगलची स्पॅमब्रेन ही यंत्रणा लिंक विकत घेणाऱ्या साइट आणि अशा लिंक पुरवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या साइट, दोन्ही ओळखते. ओळखलेल्या लिंकचं वजन ती शून्य करते. म्हणजे तुमच्या ग्राहकाने पैसे मोजले त्या लिंकचा त्याला उपयोग नाही, आणि तुमच्या पानावरचा डाग मात्र तसाच. प्रकरण वाढलं तर 'मॅन्युअल ॲक्शन', म्हणजे गुगलच्या माणसाने तपासून केलेली कारवाई, येते. ती सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीच्या गुगलच्या साधनात) 'सिक्युरिटी अँड मॅन्युअल ॲक्शन्स' या भागात दिसते. कित्येक कार्यालयांत सर्च कन्सोलचं खातं नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या ईमेलवर असतं, त्यामुळे सूचना येऊनही कुणाला पत्ता नसतो. वाचक का आटले याची चर्चा मग 'अल्गोरिदम बदलला' इथेच थांबते.

याहून मोठा सौदा म्हणजे अख्खा विभाग भाड्याने देणं. तुमच्या डोमेनखाली 'कूपन', 'कर्ज', 'बेस्ट ॲप्स' असा फोल्डर किंवा सबडोमेन, आतला सगळा मजकूर बाहेरच्या कंपनीचा, उत्पन्नात वाटा. मार्च 2024 मध्ये गुगलने याला 'साइट रेप्युटेशन ॲब्यूज' असं नाव दिलं आणि मे महिन्यापासून कारवाई सुरू केली. त्याच वर्षी 19 नोव्हेंबरला आणखी स्पष्ट केलं, की 'आमचे संपादक देखरेख करतात' किंवा 'आमची भागीदारी आहे' या सबबी चालणार नाहीत. मजकूर बाहेरच्याचा आहे आणि तो मुख्यतः तुमच्या वजनाचा फायदा उपटायला तिथे ठेवला आहे, एवढंच पाहिलं जातं. वृत्तसंस्थांकडून घेतलेल्या बातम्या, वाचकांची पत्रं, स्तंभलेखकांचे लेख यात येत नाहीत. त्या भीतीने कुणी पाहुण्या लेखकांचे लेख काढू नयेत.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. युरोपातल्या प्रकाशकांनी या नियमाविरुद्ध तक्रारी केल्या आणि युरोपीय आयोगाने नोव्हेंबर 2025 मध्ये गुगलची चौकशी सुरू केली. एका कंपनीने ठरवलेला नियम वृत्तपत्रांच्या उत्पन्नावर कसा घाला घालतो, हा प्रश्न रास्तच आहे. छोट्या शहरातून चालणाऱ्या साइटला सर्व्हरचं भाडं आणि चार जणांचे पगार भागवताना काय करावं लागतं, हे आम्ही रोज पाहतो. पण वारीच्या बातमीत जुगाराची लिंक घुसवणं हा गुगलशी असलेल्या भांडणाचा भाग होऊ शकत नाही. तिथे फसतो तो तुमचा वाचक.

आणि इथे प्रश्न एकट्या गुगलचा राहत नाही. माहिती व प्रसारण मंत्रालयाने 3 ऑक्टोबर 2022 रोजी वृत्त-संकेतस्थळांना बेटिंगच्या, आणि बातमीच्या वेशात येणाऱ्या छुप्या बेटिंग जाहिरातीही, न दाखवण्याची सूचना केली. 30 नोव्हेंबर 2023 च्या डार्क पॅटर्नविषयक (ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीविषयक) मार्गदर्शक तत्त्वांत बातमीच्या रूपात लपवलेली जाहिरात हा प्रकार नाव घेऊन दिलेला आहे. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात तर पैशांच्या खेळांची जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत कैद, 50 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. जुन्या बातमीतली लिंक या व्याख्येत बसते का, हे वकिलाला विचारा. विचारायची वेळ न येऊ देणं जास्त शहाणपणाचं.

आता साफसफाईबद्दल. हे काम चार-सहा दिवसांचं आहे, फक्त क्रम चुकू देऊ नका.

आधी डेटाबेसचा बॅकअप घ्या. मग बाहेरच्या लिंकची यादी काढा. साइट लहान असेल तर स्क्रीमिंग फ्रॉगसारखा क्रॉलर (साइटची पानं एकेक उघडून लिंक गोळा करणारं सॉफ्टवेअर) चालतो, मोफत आवृत्तीत 500 पत्ते तपासता येतात. लाखभर बातम्या असतील तर डेटाबेसलाच विचारा. वर्डप्रेस या साइट चालवण्याच्या प्रणालीत पोस्टच्या तक्त्यात प्रत्येक बातमीची प्रसिद्धीची तारीख आणि शेवटच्या बदलाची तारीख वेगवेगळ्या रकान्यांत असते. या दोन तारखांत सहा महिन्यांहून जास्त अंतर असलेल्या बातम्या वेगळ्या काढा. खऱ्या बातमीला दोन वर्षांनी कुणी सहसा हात लावत नाही, त्यामुळे घुसवलेली बरीचशी वाक्यं याच ढिगात सापडतात. प्रत्येक बातमीच्या 'रिव्हिजन' (आधीच्या आवृत्त्या) उघडून पाहा. कोणत्या युजरने, कोणत्या दिवशी, कोणतं वाक्य टाकलं हे तिथे शेजारीशेजारी दिसतं. एखाद्या प्लगइनने सगळ्याच बातम्यांची बदल-तारीख एकदम पालटली असेल तर ही युक्ती चालत नाही. तेव्हा बाहेरच्या डोमेनची यादी करून प्रत्येक डोमेन किती बातम्यांत आलंय ते मोजा. सरकारी साइट, यूट्यूब, एक्स बाजूला काढले की उरलेल्यात घुसखोर दिसतो.

सापडलेली लिंक कशी काढायची? चिकटवलेलं वाक्य पूर्ण काढा, नुसती लिंक काढून वाक्य ठेवू नका. अख्खा लेखच विकलेला असेल आणि वाचकाच्या उपयोगाचा नसेल तर तो काढा आणि त्या पत्त्यावर 410 ('पान कायमचं काढलं') हा प्रतिसाद द्या. करारामुळे लेख ठेवणं भाग असेल तर लिंकला 'स्पॉन्सर्ड' लावा आणि मथळ्याच्या वर, मजकुराच्याच आकाराच्या अक्षरात, 'प्रायोजित' असं मराठीत लिहा. पानाच्या तळाशी फिकट राखाडी रंगात 'ॲडव्हर्टोरियल' लिहिणं पुरेसं नाही.

भाड्याने दिलेल्या विभागाला 'नोइंडेक्स' (हे पान निकालांत दाखवू नका, अशी खूण) लावा. इथे हमखास एक चूक होते: घाईत तोच फोल्डर रोबोट्स फाइलमध्येही (शोधयंत्राने कुठे जाऊ नये हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) बंद केला जातो. मग गुगलबॉटला (पानं वाचत फिरणाऱ्या गुगलच्या यंत्राला) पान उघडताच येत नाही, त्यावरचं 'नोइंडेक्स' दिसत नाही आणि पत्ता निकालांत तसाच राहतो. दोन्हींपैकी 'नोइंडेक्स'च ठेवा आणि वाट मोकळी ठेवा. तो विभाग आपल्याच दुसऱ्या सबडोमेनवर हलवणं हीदेखील पळवाटच धरली जाते. पूर्ण नव्या डोमेनवर नेता येतो, पण जुन्या पानांवरून तिकडे रीडायरेक्ट करू नका, आणि लिंक द्यायचीच तर नोफॉलो द्या.

मॅन्युअल ॲक्शन आली असेल तर हे सगळं झाल्यावरच फेरविचाराचा अर्ज करा. अर्जात दिलगिरीचे परिच्छेद नकोत. काय घडलं, किती पत्ते दुरुस्त केले, किती काढले, त्यांची शीट, आणि पुढे हे होऊ नये म्हणून कोणाचे अधिकार काढून घेतले, एवढं लिहा. उत्तराला काही दिवसांपासून काही आठवडे लागतात. अर्धवट सफाई करून केलेला अर्ज फेटाळला जातो.

कधी असंही होतं, की कुणी काही विकलेलं नाही आणि तरी जुगाराची पानं निकालांत दिसतात. ही चोरी असते: कुणीतरी तुमच्या सर्व्हरमध्ये शिरून ती पानं टाकलेली असतात. गुगलमध्ये 'साइट', कोलन, तुमचं डोमेन आणि पुढे 'कॅसिनो', 'स्लॉट', 'बेट' हे शब्द इंग्रजीत घालून शोधा. जपानी अक्षरांतली पानं सापडली तरी दचकू नका, तो या चोरीचा जुना प्रकार आहे. सापडलेलं पान तुमच्या ब्राउझरमध्ये उघडलं की साधी बातमी दिसते किंवा 'पान सापडले नाही' असं येतं, कारण चोराचा कोड समोर गुगलबॉट आहे की वाचक हे पाहून वेगळं पान देतो. याला क्लोकिंग म्हणतात. म्हणून सर्च कन्सोलच्या 'यूआरएल इन्स्पेक्शन'मध्ये तो पत्ता टाका, 'टेस्ट लाइव्ह यूआरएल' दाबा आणि गुगलला मिळालेला एचटीएमएल वाचा. ती नजर गुगलची असते. पुढे सर्व्हरवर अपलोड्सच्या फोल्डरमध्ये पीएचपी फाइल (सर्व्हरवर चालणाऱ्या कोडच्या) आहेत का ते पाहा. तिथे फोटो असतात, पीएचपीचं काही काम नसतं. एचटीॲक्सेस ही सर्व्हरला सूचना देणारी फाइल, थीमची फंक्शन्स फाइल आणि 'मस्ट-यूज' प्लगइनचा फोल्डर तपासा, कारण हा शेवटचा फोल्डर प्लगइनच्या नेहमीच्या यादीत दिसत नाही. सर्च कन्सोलमध्ये अनोळखी 'ओनर' आहे का तेही पाहा. त्याला काढलं तरी त्याची पडताळणीची फाइल सर्व्हरवर राहिली तर तो परत येतो. पासवर्ड सगळ्यात शेवटी बदला, वर्डप्रेसच्या 'सॉल्ट' किल्ल्यांसह (त्या बदलल्या की आधीचे लॉगिन रद्द होतात). आधी बदलले तर मागचं दार उघडंच असतं.

जुगाराच्या लिंक काढल्या तरी आपल्याच हाताने चाललेली एक फसवणूक उरते. 'लातूर सोयाबीन बाजारभाव आज' असं शोधणारा शेतकरी माल घेऊन निघायचं की थांबायचं हे ठरवत असतो. त्याला सापडणाऱ्या पानावर तारीख आजची आणि दर चार दिवसांपूर्वीचा असतो. तारीख बदलून मजकूर तोच ठेवणं हा ताजेपणाचा खोटा दावा आहे, आणि ज्याला यातून तोटा होतो तो तुमचा सगळ्यात भरवशाचा वाचक असतो. 'लाडकी बहीण'च्या पानांवरचं मोठं 'अर्ज करा' बटण दुसऱ्या जाहिरातीच्या पानावर नेतं, तेही याच जातीचं. वीस जिल्ह्यांची नावं बदलून केलेली वीस सारखी पानं म्हणजे गुगलच्या भाषेत 'डोअरवे', केवळ शोधातून वाचक ओढण्यासाठी उभी केलेली पानं. यंत्राकडून भाषांतर करून दिवसाला शेकडो बातम्या ओतणं हे 2024 पासून 'स्केल्ड कंटेंट ॲब्यूज'मध्ये येतं.

बाजारभावाचं काम सरळ मार्गाने करता येतं आणि ते टिकतं. एका पिकासाठी एकच कायमचा पत्ता ठेवा, रोज नवा पत्ता करू नका. त्यावर तक्ता द्या: बाजार समिती, आवक क्विंटलमध्ये, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर, आणि प्रत्येक ओळीत तो दर कोणत्या तारखेचा आहे ते. कृषी पणन मंडळाकडून आकडे घेतले असतील तर तसं लिहा. एखाद्या दिवशी लिलाव बंद असतील तर 'आज लिलाव नाही' हे लिहा. शेतकऱ्यासाठी तीच मोठी बातमी असते. दर बदलला तरच बदल-तारीख बदला, आणि पानावर दिसणारी तारीख व कोडमधली तारीख एकच ठेवा.

मराठीची काही खास दुखणी आहेत, ती इंग्रजी साइटसाठी लिहिलेल्या मार्गदर्शकांत सापडत नाहीत. देवनागरी पत्त्यात प्रत्येक अक्षरचिन्ह नऊ इंग्रजी चिन्हांत बदलतं. 'सोयाबीन' या एका शब्दाची 63 चिन्हं होतात. वर्डप्रेस पत्त्याचा हा भाग 200 चिन्हांवर कापतं, म्हणजे साधारण 22 अक्षरचिन्हांवर. 'मुख्यमंत्र्यांच्या हस्ते...' अशी सुरुवात असलेल्या दहा बातम्यांचे पत्ते त्यामुळे सारखेच होतात आणि शेवटी फक्त 2, 3, 4 लागत जातात. पत्ता हाताने, रोमन लिपीत, चार-पाच शब्दांचा द्या. छापील आवृत्तीचा मजकूर जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधून तसाच चिकटवला तर शोधयंत्राला तो निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो. आधी युनिकोडमध्ये बदला आणि बदलल्यावर रफार, 'ऱ्या' आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. 'शेतकऱ्यांना' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो, दिसायला जवळपास सारखा पण संगणकासाठी वेगळा. कार्यालयात एकच कीबोर्ड ठरवून द्या. बातमीच्या कात्रणाचा फोटो म्हणजे बातमी नव्हे, त्यातला मजकूर खाली टाइप झालाच पाहिजे. आणि 'मेटा कीवर्ड' (पानाच्या कोडमधली, वाचकाला न दिसणारी शब्दांची यादी) भरण्यात वेब डेस्कचा वेळ घालवू नका. गुगल क्रमवारीसाठी ते वापरत नाही, हे 2009 मध्येच सांगून झालं आहे.

एजन्सी नेमणार असाल तर करारात या तीन अटी घाला: प्रत्येक मिळवलेल्या लिंकचा पत्ता दर महिन्याला लेखी मिळेल, सर्च कन्सोल, ॲनालिटिक्स आणि डोमेन ही तिन्ही खाती संस्थेच्या ईमेलवर राहतील, जुन्या बातमीत बदल करायचा अधिकार एजन्सीला नसेल. '30 दिवसांत पहिल्या क्रमांकाची हमी' असं लिहिलेलं पत्रक परत करा. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगल स्वतः सांगतं.

बंद पडलेल्या पुरवण्या आणि जुन्या उपक्रमांच्या डोमेनचाही विचार करा. दिवाळी अंकासाठी, निवडणुकीसाठी, एखाद्या स्पर्धेसाठी घेतलेलं डॉट-कॉम नूतनीकरण न झाल्यास साधारण अडीच महिन्यांत पुन्हा बाजारात येतं. ते विकत घेणारा तुमचं जुनं मुखपृष्ठ पुन्हा उभं करून त्यात जुगार घालतो, आणि तुमच्या मुख्य साइटवरून त्याला जाणाऱ्या जुन्या लिंक चालूच असतात. असं डोमेन ठेवायचं तर स्वयंचलित नूतनीकरण चालू करा. सोडायचं ठरलं तर आधी तुमच्या सगळ्या बातम्यांतून त्याच्या लिंक काढा, मगच सोडा.

विकलेल्या लेखांची आणि घुसवलेल्या वाक्यांची नोंद जाहिरात विभागाच्या बिलांत असते. ती बिलं या आठवड्यात संपादकांच्या टेबलावर यावीत, एवढी आमची विनंती आहे. शोधाची सुरुवात तिथूनच होते.

आपले,
मराठी संकेतस्थळांसाठी सर्च इंजिन ऑप्टिमायझेशनचं काम करणारे काहीजण